क्लीनर रॅस पाहायचा तर एका खडकापाशी थांबा

मुंबईचा समुद्र गढूळ. ओहोटीला खडकांवर शंख-खेकडे भेटतात, पण पाण्यात डोकं घालून मासे न्याहाळणं इथे जमत नाही. इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन पोट भरणारा क्लीनर रॅस हा बोटभर मासा पाहायला लक्षद्वीपसारखी प्रवाळबेटं गाठावी लागतात. तयारी मात्र घराजवळच्या पोहण्याच्या तलावात होते.

आधी महिनाभर मास्क आणि स्नॉर्केल (श्वास घ्यायची नळी) लावून पालथं तरंगायची सवय करा. पाच मिनिटं पाय न हलवता राहता आलं की निम्मं काम झालं. पावसाळा टाळा आणि लक्षद्वीपचा प्रवेश परवाना वेळेत काढा.

बेटावर मार्गदर्शकासोबत उतरा, आणि फिरत सुटू नका. मी पहिला दिवस तसाच घालवला. दुसऱ्या दिवशी उंच पोवळ्याच्या एका खडकावर नजर ठेवली. एक हेकरू तोंड उघडून, कल्ले फुलवून स्तब्ध उभा होता. असा मासा दिसला की समजा, इथे सफाई चालते.

आता पट्टा पाहा. निळसर अंगावर तोंडापासून निघालेला काळा पट्टा शेपटीकडे रुंद होत जातो. लांबी फार तर १४ सेंटिमीटर. मग तोंड नक्की तपासा, कारण अगदी असाच दिसणारा एक ब्लेनी मासा सफाईच्या नावाखाली माशांच्या परांचे लचके तोडतो. रॅसचं तोंड टोकाला असतं, ब्लेनीचं खालच्या बाजूला.

ओळख पटली की खरी मजा. रॅस शेपटी उडवत नाचतो, हेकरूच्या जबड्यात शिरतो, कल्ल्यातून बाहेर येतो. मध्येच हेकरू दचकला, तर बहुधा रॅसने परजीवी सोडून अंगावरचा बुळबुळीत थर चावलेला असतो. तो त्याला जास्त आवडतो. ऑस्ट्रेलियातल्या लिझर्ड बेटावरच्या अभ्यासात एक रॅस दिवसाला सुमारे १२०० परजीवी खातो असं आढळलं. एका नराच्या हद्दीत अनेक माद्या राहतात. नर मेला तर सर्वांत मोठी मादी काही तासांतच नरासारखी वागू लागते आणि दोन-तीन आठवड्यांत खरोखर नर होते.

घरच्या टाकीसाठी हा मासा कृपया विकत घेऊ नका. तिथे पुरेसे परजीवी नसतात, त्यामुळे बरेच रॅस उपाशी मरतात.

पोवळ्यावर पाय ठेवू नका, माशांना हात लावू नका. फक्त स्थिर राहा. कधी कधी रॅस आपणहून येतो आणि तुमच्या नखांच्या कडाही टोचून पाहतो.