मार खाल्लेला कुत्रा घरी आणताना

पहिले काही दिवस त्याला हात लावायची घाई करू नका. पलंगाखाली, कोपऱ्यात, जिथे तो जाऊन बसेल तिथेच जुनी चादर आणि पाणी ठेवा नि आपल्या कामाला लागा. आमची काळी आली तेव्हा नुसता झाडू उचलला तरी फरशीला चिकटायची, जागेवरच मुतायची. तिला कुणी रागावलं नाही. तिच्यासमोर झाडणंच बंद केलं.

जवळ जाताना डोळ्यांत डोळे घालून समोर उभं राहू नका. तिरके बसा, नजर दुसरीकडे ठेवा आणि बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचा तुकडा हळूच सरकवा. आपणहून हात हुंगायला आला तर गळ्याखाली खाजवा. डोक्यावरून हात आला की अशा जिवाला मारच आठवतो.

सगळ्यात जपायचं ते दार. बिथरलेला कुत्रा मान मागे ओढून क्षणात पट्ट्यातून सुटतो. म्हणून बाहेर नेताना गळ्यातला पट्टा आणि छातीचा हार्नेस, दोन्हींना वेगळी दोरी लावा. पट्ट्यावर फोन नंबर हवाच. आणि दिवाळीच्या तोंडावर आणू नका, फटाक्यांनी सगळी मेहनत वाया जाते.

रुळायला ३ महिनेही लागतात. काळीने चौथ्या महिन्यात पहिल्यांदा शेपूट हलवली, तीही दूधवाल्याला बघून.