तोरणमाळला जुना जीपीएस नेताना

वर्षभर कपाटात पडलेला जीपीएस सुरू करून लगेच घाटाला लागू नका. त्यातली उपग्रहांची माहिती शिळी झालेली असते आणि नवी पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. शहाद्यातच मोकळ्या आभाळाखाली गाडी उभी करून वीस मिनिटं द्या. तारीख वीसेक वर्षं मागची दिसू शकते. जीपीएस तारीख आठवडे मोजून काढतो; ६ एप्रिल २०१९ ला ही मोजणी पुन्हा शून्यावर आली, त्याचा हा परिणाम. जागा बहुधा बरोबरच दाखवतो. पायी निघताना ‘ऑफ रोड’ निवडा, नाहीतर तो तुम्हाला जवळच्या सडकेवर चिकटवतो. गाडीची जागा आधी साठवा. आणि अक्षांश-रेखांश भरताना २१.५ अंश म्हणजे २१ अंश ३० मिनिटं, ५० नव्हे! उन्हाळ्यात काचेमागे ठेवू नका, बॅटरी फुगते.