तीन देशांचे माथे, एका दिवसात

डोंगर चढायची हौस नसेल, तर बेनेलक्समधल्या (बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग) सर्वांत उंच ठिकाणांची ही सहल निवांत होते. लक्झेंबर्गच्या क्नाइफपासून (560 मी.) सुरुवात करा. तिथे सगळी शेतंच, त्यामुळे माथा चटकन लक्षात येत नाही. नकाशात आधीच खूण करून ठेवा. जवळच्या बुर्गप्लात्झ टेकडीलाच माथा समजून परत फिरू नका, ती जेमतेम मीटरभर कमी भरते! पुढे बेल्जियमचं बोत्रांज, 694 मीटर. तिथल्या मातीच्या ढिगाऱ्यावरच्या पायऱ्या चढलात की बरोबर 700 होतात. हा पठारी भाग दलदलीचा, धुक्याचा. जाकीट हाताशी असू द्या. शेवटी वाल्सरबर्ग (322 मी.), नेदरलँड्सच्या युरोपातल्या भागाचा माथा. बेल्जियम आणि जर्मनीची हद्द तिथेच भेटते, म्हणून गर्दी असते. तिथे सकाळी लवकर पोचायचं असेल तर हाच क्रम उलटा करा.