प्रत्येक सोंगाला जोडीदार हवा: गावचा ऐतिहासिक जिवंत देखावा कसा टिकवावा

एका वर्षी आमच्या देखाव्यात बाजीप्रभूच नव्हते. गौरी गेल्या की दुसऱ्या रात्री मराठी शाळेच्या पटांगणात आम्ही पन्हाळा ते विशाळगड उभा करतो. बाजींचं काम करणारा मुलगा चाकणला कंपनीत होता. मंजूर झालेली सुट्टी ऐनवेळी रद्द झाली आणि संध्याकाळी सहाला त्याचा फोन आला, "काकी, न्हाई जमत हो." बाहेर पोती-तरटं अंथरून माणसं बसायला लागली होती. आम्ही खिंडीचा प्रवेशच गाळला. शिवा काशीद पालखीतून गेले, महाराज विशाळगडी पोचले, पण मधल्या खिंडीत कुणी उभंच राहिलं नाही. जाताना एका म्हातारीनं माझा हात धरून विचारलं, "बाई, बाजी कुठं हाय?" ते अजून कानात आहे.

मी शिवणकाम करते. देखावा मामंजींनी सुरू केला, आणि मी लग्न होऊन आले तेव्हापासून कपड्यांचा पेटारा आणि संवादांची वही माझ्याकडे आहे. पडद्याआडून ओळी सांगायलाही मीच बसते. आजूबाजूच्या गावांतले देखावे एकेक करून थांबले. तिथली मुलं विचारायला येतात, तेव्हा त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

सगळ्यात आधी प्रत्येक सोंगाला जोडी लावा. एक करणारा आणि एक शिकणारा. शिकणारा वयानं लहान आणि शक्यतो गावात राहणारा असावा. दोघांनी सगळ्या तालमी करायच्या. करणारा नोकरीला बाहेर असेल, तर त्याच्या जागी शिकणाऱ्यानं उभं राहायचं आणि बाहेरच्यानं रोज रात्री संवाद म्हणून व्हॉट्सअॅपवर पाठवायचे. आमच्यात आणखी एक ठरलेलं आहे: पाच वर्षं झाली की शिकणारा पुढे येतो आणि जुना त्याचा जोडीदार होतो. पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा दोन घरं रुसली. मानाचं काम सोडणं जड जातं, ते मला कळतं. मी त्यांच्या घरी जाऊन बसले, चहा घेतला आणि म्हटलं, "दादा, तुमच्यासारखी पट्टा फिरवायची रीत अजून एकालाच येऊ दे." ते आता दर रविवारी तीन पोरांना शिकवतात.

प्रसंग नीट माहीत करून घ्या. पोरं चित्रपट बघून येतात आणि त्यातलंच बोलायला लागतात. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर घटनाक्रम लिहिला आहे आणि तालमीच्या पहिल्या दिवशी तो मोठ्यानं वाचतो. १६६० सालच्या मार्चमध्ये आदिलशाहीचा सरदार सिद्दी जौहर यानं पन्हाळ्याला वेढा घातला. राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन हा इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीला आला. पावसाळा लागला तरी वेढा ढिला होईना. आषाढी पौर्णिमेच्या रात्री, म्हणजे १२ जुलैला, महाराज गडाबाहेर पडले. शिवा काशीद महाराजांच्या वेषात पालखीत बसले आणि पकडले गेले. सिद्दी मसूद पाठलागावर निघाला, आणि घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांचे मावळे उभे राहिले. पुढचं बरेच जण विसरतात: विशाळगडालाही सुर्वे आणि दळवी यांचा वेढा होता, तो फोडून महाराजांना वर जावं लागलं. हा प्रवेश आम्ही घेतोच, कारण तो पाहिला की बाजींना इतका वेळ का झुंजावं लागलं ते लहान मुलालाही समजतं.

सहाशे मावळे, तोफेचे आवाज, बाजींचे शेवटचे शब्द हे परंपरेनं आलेलं आहे, ते आम्ही श्रद्धेनं सांगतो. पण स्वतःच्या मनानं नवा प्रसंग घालायचा नाही, टाळ्यांसाठी तर नाहीच. आणि सिद्दी जौहरला विदूषक करायचं नाही. चार महिने, भर पावसातसुद्धा, वेढा आवळून धरणारा सरदार होता तो. समोरचा तोलामोलाचा दिसला तरच बाजी मोठे दिसतात. म्हणून आमच्याकडे जौहरचं काम सगळ्यात खणखणीत आवाजाच्या माणसाला देतात.

संवाद तोंडानंच म्हणा. आधी रेकॉर्ड करून स्पीकरवर लावायचे आणि नुसते ओठ हलवायचे, ही रीत आता सगळीकडे आहे. पाऊस आला, माइक बिघडला, तर ती सोय हाताशी असावी, म्हणून आम्हीही रेकॉर्डिंग करून ठेवतो. पण एकदा त्याची सवय लागली की पोरं पाठांतर सोडतात आणि दोन-तीन वर्षांत मुळात बोलता येणारा माणूसच उरत नाही. मामंजींच्या आवाजातली बाजींची एक जुनी कॅसेट होती. ते गेल्यावर ती मोबाइलवर उतरवून घेतली. देखाव्यात ती कधीच लावली नाही. नवा बाजी ठरला की त्याला एकट्याला माझ्या घरी बोलावते आणि ऐकवते. "महाराज, आपण पुढं व्हा" एवढं म्हणताना ते आवाज चढवत नाहीत, उलट खाली आणतात. ते लिहून शिकवता येत नाही.

आता सामान. खरी तलवार आणायची नाही, कुणी घरातली देतो म्हणाला तरीही. आमच्या तलवारी प्लायवूडच्या, कडा घासून गोल केलेल्या आणि चंदेरी रंग दिलेल्या आहेत. ढाली कागदाच्या लगद्याच्या करतो: रद्दी तीन दिवस भिजवायची, कुटायची, चिंचोक्याची खळ आणि थोडं मेथीचं पीठ घालून मळायची आणि उलट्या टोपलीवर थापून सावलीत वाळवायची. खळीमुळे पकड येते आणि मेथीमुळे कीड लागत नाही. मावळ्यांच्या बाराबंद्या मांजरपाटाच्या. शिवण्याआधी कापड चहाच्या पाण्यात उकळा, म्हणजे नवेपणा जातो. बाराबंदी नेहमी दोन बोटं सैल शिवा आणि आतून दीड इंच कापड मुडपून ठेवा. पोरं वर्षात वाढतात, दरवर्षी नवी शिवायला पैसे कुठून आणायचे? खेळ संपला की घामेजलेले कपडे तसेच घडी करू नका. दुसऱ्या दिवशी धुवून, कडक उन्हात वाळवून, कडुनिंबाचा वाळका पाला घालून पेटीत ठेवा.

आवाजाला हलगी, घुमकं आणि कैताळ पुरेत. पावसासाठी दोघी जणी पत्र्यावर सुपातून जोंधळे सोडतात. पलिते मोठ्या माणसांच्याच हातात द्या, आणि रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना पाण्याचं पिंप आणि वाळूच्या बादल्या ठेवा.

परवानग्या महिनाभर आधी घ्या. मंडळ नोंदणीकृत नसेल तर वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. पोलीस ठाण्याची परवानगी आणि विजेची तात्पुरती जोडणी वेगळी. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही. सणाच्या काही ठरावीक दिवशी बारापर्यंत सूट मिळते, पण तिच्या भरवशावर खेळ लांबवू नका. आम्ही आठला सुरू करतो आणि साडेनऊला बाजी पडतात.

पैशाबद्दल थोडंच सांगते. एकाच मोठ्या देणगीदारावर देखावा उभा करू नका. एका वर्षी एकानं सगळा खर्च उचलला आणि पडद्यावर महाराजांपेक्षा मोठा स्वतःचा फोटो लावायला सांगितला. पुढच्या वर्षी आम्ही घरटी शंभर रुपये आणि पायलीभर धान्य घेतलं. धान्यातून तालमीच्या पोरांचं जेवण निघालं आणि ज्या घरानं धान्य दिलं त्या घरातलं माणूस बघायला आलं.

मुलींना घ्या. या प्रसंगात बायकांची कामं नाहीत, आणि ओढून-ताणून घालूही नयेत. पण मावळा व्हायला मुंडासं आणि मिशी लागते, ती मुलीलाही बांधता येते. आमच्याकडे पहिल्यांदा चार मुली खिंडीत उभ्या राहिल्या तेव्हा कुजबुज झाली. आता बांदलांच्या तुकडीत निम्म्या मुली असतात, कारण नववी-दहावीपर्यंत गावात असतात त्याच, आणि तालमीला वेळेवर येतात त्याही त्याच. यंदा बाजींची शिकणारी जोडीदार आठवीतली आहे. पट्टा फिरवताना तिचा डावा पाय अजून मागे राहतो.

खेळ झाला की दुसऱ्या दिवशी, कपडे वाळत असतानाच, वही उघडा. कुणाचं काम कुणी केलं, जोडीदार कोण, कोणाची बाराबंदी आखूड झाली, कोणता संवाद अडला, कोणत्या घरचा मुलगा येत्या जूनमध्ये बाहेर शिकायला जाणार, सगळं तारखेनिशी लिहा. आठवणीवर सोडलं की पुढच्या श्रावणात कुणालाच काही सांगता येत नाही. लिहून झालं की वही सगळ्यांना वाचून दाखवा आणि ज्या कामाला जोडीदार नाही, त्याच्यासमोर त्याच बैठकीत नाव घाला.