विमानाला पक्षी धडकल्यावर केबिन क्रूने काय करावे

पुण्याच्या लोहगाव विमानतळाच्या धावपट्टीवरून विमान सुटते तेव्हा केबिन क्रू जंप सीटवर, म्हणजे क्रूसाठीच्या घडीच्या खुर्चीवर, पट्टे आवळून बसलेला असतो, आणि पक्षी धडकण्याचा धोका सर्वांत जास्त असतो तोही नेमका त्याच वेळी, कारण घारी, कबुतरे, टिटव्या, बगळे हे सारे जमिनीपासून फार उंच जात नाहीत. विमाननगरच्या वर्गात नव्या मुलामुलींना शिकवताना मला पहिला प्रश्न हमखास येतो, ‘मॅडम, धडक बसली की उठून कुठे जायचं?’ कुठेही जायचे नाही, हे त्याचे उत्तर आहे. विमान चढत असताना किंवा हादरत असताना उभी राहिलेली व्यक्ती स्वतः जखमी होते, आणि जखमी क्रू प्रवाशांच्या कामाचा उरत नाही.

धडक बसण्याआधीच तयारी झालेली असावी. प्रत्येक टेक-ऑफ आणि लँडिंगच्या वेळी जंप सीटवर बसल्या बसल्या अर्धा मिनिट मनातल्या मनात उजळणी करावी : माझे दार कोणते, ते कसे उघडते, बाहेर काय पाहायचे, हाताशी येतील असे धडधाकट प्रवासी कोण, आणि ज्यांना मदत लागेल ते आजी-आजोबा किंवा तान्ही मुले कोणत्या ओळीत आहेत. रोज चार फेऱ्या करणाऱ्याला ही उजळणी कंटाळवाणी वाटते, पण ती कधीही सोडू नये.

पक्षी नाकावर किंवा पंखावर आदळला तर ‘धप्प’ असा एकच आवाज येतो आणि पुष्कळदा पुढे काहीच होत नाही. इंजिनात गेला तर मात्र खुणा वेगळ्या असतात. लागोपाठ बार उडाल्यासारखे आवाज होतात, पायाखालची फरशी थरथरते, इंजिनाच्या मागून ज्वाळा दिसतात आणि काही क्षणांत केबिनमध्ये जळक्या पिसांचा आणि मांसाचा वास पसरतो. बहुतेक विमानांत केबिनची हवा इंजिनातूनच घेतलेली असते, म्हणून हा वास येतो. केबिनमध्ये आग लागली आहे, असा त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नये, पण त्याकडे दुर्लक्षही करू नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे कॉकपिटला कळवणे. टेक-ऑफच्या अगदी नाजूक क्षणी वैमानिकांना फोन करायचा नाही, असा नियम असतो आणि त्याची नेमकी मर्यादा आपापल्या कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली असते. ती मर्यादा सरली की सुरक्षेची माहिती द्यायलाच हवी. वैमानिकांना इंजिन मागे वळून दिसत नाही, आपल्याला आणि प्रवाशांना खिडकीतून दिसते. ८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ एक बोइंग ७३७ कोसळले आणि ४७ माणसे गेली. बिघाड डाव्या इंजिनात होता, वैमानिकांनी उजवे बंद केले होते आणि घोषणाही उजव्याचीच केली होती. डावीकडची आग प्रवाशांनी आणि केबिन क्रूपैकी काहींनी पाहिली होती, तरी ती विसंगती कॉकपिटपर्यंत पोहोचली नाही. तिथे कारण पक्षी नव्हता, इंजिनाच्या पंख्याचे पाते तुटले होते, तरीही हा धडा मी प्रत्येक तुकडीला सांगते.

यात एक बारीक मेख आहे. पुढच्या दाराजवळच्या जंप सीटवर आपण बहुधा प्रवाशांकडे तोंड करून बसतो, त्यामुळे आपला उजवा हात ही विमानाची डावी बाजू असते. घाईत इथेच चूक होते. म्हणून बाजू सांगताना ओळीचा आणि सीटचा आधार घ्यावा : ‘कॅप्टन, डावे इंजिन, ए सीटची बाजू, मागून ज्वाळा दिसताहेत, जळका वास आहे, केबिनमध्ये धूर नाही.’ पाहिले तेवढेच सांगावे. ‘इंजिन गेलं’ हा निदानाचा शब्द आपला नव्हे.

कॅप्टनला सवड झाली की तो चार गोष्टी सांगतो : काय झाले, काय करणार आहोत, किती वेळ आहे आणि विशेष सूचना काय. त्या ऐकून जशाच्या तशा त्याला परत म्हणून दाखवाव्यात.

दरम्यान प्रवासी आपल्या चेहऱ्याकडे पाहत असतात. पुण्याच्या विमानात नऊवारीतल्या एखाद्या आजी ‘काय झालं गं पोरी?’ असे विचारतात, तेव्हा इंग्रजी घोषणा त्यांच्या उपयोगाची नसते. ‘आजी, आवाज झालाय, कॅप्टन बघताहेत. पट्टा घट्ट ठेवा, मी इथंच आहे,’ एवढे पुरते. खोटा दिलासा मात्र देऊ नये.

लँडिंगनंतर विमान थांबले तरी दार आपणहून उघडण्याची घाई करू नये, कारण इंजिन फिरत असू शकते. कॅप्टनच्या आदेशाची वाट पाहावी. आग किंवा धूर असा उघड जीवघेणा धोका असेल आणि कॉकपिटशी संपर्कच होत नसेल, तरच पुस्तिकेप्रमाणे स्वतः निर्णय घ्यावा. दार उघडण्यापूर्वी खिडकीतून आग, सांडलेले इंधन आणि पाणी पाहावे. १५ जानेवारी २००९ रोजी हंस इंजिनांत गेल्यामुळे न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरलेल्या विमानाची मागची दारे पाण्यामुळे वापरता आली नाहीत, प्रवाशांना पुढे वळवावे लागले, आणि १५५ पैकी सर्वजण वाचले. बाहेर काढताना आज्ञा छोट्या आणि मोठ्या आवाजात द्याव्यात : ‘बॅग सोडा! इकडे या! उडी मारा!’

शेवटी अहवाल लिहावा. वेळ, आवाजांची संख्या, वास कोणत्या ओळीपर्यंत आला, काय दिसले, हे सारे त्याच दिवशी, आठवण ताजी असताना नोंदवावे. विमानतळाच्या दहा किलोमीटर परिघात पक्षी आकर्षित होतील असा कचरा उघड्यावर टाकण्यास कायद्याने मनाई आहे, आणि त्या परिघात खराडी, धानोरी, येरवडा सारेच येते. उघड्यावर फेकलेल्या कोंबडीच्या आतड्यांवर घारी घिरट्या घालताना दिसल्या, तर महापालिकेकडे तक्रार नोंदवावी, हे मी माझ्या मुलांना आणि शेजाऱ्यांनाही सांगत असते.