संघाची आचारसंहिता लिहायला बसलात, तर आधी तक्रारीचं कलम लिहा

नागपुरातल्या स्वयंसेवी संस्थांच्या आमच्या संघाची मी सहसचिव झाले आणि आचारसंहितेचं काम माझ्याकडे आलं. दुसऱ्या एका संघाची छापील संहिता घेतली, नाव बदललं, कार्यकारिणीत दहा मिनिटांत मंजूरही झाली. सहा महिन्यांनी एका कार्यकर्तीची तक्रार आली. ती होती पदाधिकाऱ्याविरुद्ध, आणि तक्रार ऐकायची कुणी, हे संहितेत कुठेच नव्हतं. त्या मुलीला मी काहीच उत्तर देऊ शकले नाही. ते अजून सलतं.

म्हणून दुसऱ्यांदा सुरुवात तिथूनच केली. ज्याच्याविरुद्ध तक्रार, तो त्या बैठकीत बसणार नाही. समितीत एक जण संघाबाहेरचा. लैंगिक छळाची तक्रार मात्र २०१३च्या कायद्याप्रमाणेच चालते. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती हवीच, तिच्यात निम्म्या तरी महिला आणि एक बाहेरची व्यक्ती. आपली संहिता तिची जागा घेऊ शकत नाही, हे मसुद्यात स्पष्ट लिहा.

बाकी कलमं सदस्यांच्या तोंडून येऊ द्या. धरमपेठेतल्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळ गेला तो पुरवठादाराकडून येणाऱ्या संत्र्यांच्या पेटीवर. एक ज्येष्ठ भाऊ म्हणाले, "पेटी वापस केली तं माणूस दुखावते ना ताई!" खरंच होतं ते. शेवटी ठरलं: रोख कधीच नाही, फळं आली तर नोंदवहीत लिहायची आणि सगळ्यांत वाटायची.

नवख्यांची एक चूक नेहमी होते. संघाने ठराव केला म्हणजे सदस्य-संस्था बांधल्या गेल्या, असं नसतं. त्या स्वतंत्र नोंदणीच्या. प्रत्येकीने आपल्या कार्यकारिणीत ठराव करून इतिवृत्ताची प्रत पाठवायला हवी. आणि सदस्यत्व रद्द करायचा अधिकार संघाच्या घटनेत आहे का, ते आधी पाहा. नसेल तर घटनादुरुस्ती आधी, संहिता नंतर.

सर्वसाधारण सभा डिसेंबरात ठेवू नका. आम्ही ठेवली तेव्हा विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू होतं, अर्धे सदस्य मोर्च्यात. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, झाली नाही. तहकूब सभा अर्ध्या तासाने त्याच जागी घेता आली असती, आमच्या घटनेत तशी सोय आहे. पण बारा माणसांनी मंजूर केलेली संहिता कोण मानणार? मी जानेवारीची तारीख मागितली. तेव्हा कलमवार वाचन तीन तास चाललं, आणि तक्रारीच्या कलमाला सूचक म्हणून अध्यक्ष स्वतः उभे राहिले.