टोयोटाची फॅमिली, हायब्रिड की स्पोर्टी गाडी? निवडताना या चुका टाळा

शोरूममध्ये गेलात की आधी घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाला तिसऱ्या रांगेत बसवा. आम्ही मावशीसाठी सात आसनी गाडी बघत होतो, तेव्हा तीन आठवडे मोबाइलवर तक्ते जुळवून झाले होते: ॲव्हरेज, पॉवर, एअरबॅग, सनरूफ, सगळं. मावशीचे गुडघे दुखतात. ती मधली सीट पुढे करून मागे शिरली, बसली आणि तिचे गुडघे थेट छातीशी आले. दोन मिनिटांनी म्हणाली, "उतरताना हात धर रे." गाडी तिथेच बाद झाली. तक्त्यात 'सात आसने' असंच लिहिलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं.

पहिली चूक हीच. 'फॅमिली कार' या एका नावाखाली टोयोटा भारतात एकमेकींपासून फार वेगळ्या गाड्या विकते. रुमियन म्हणजे मुळात मारुतीची अर्टिगा, 1.5 लिटर पेट्रोल. इनोव्हा क्रिस्टा लॅडर फ्रेमवरची (ट्रकसारखा वेगळा सांगाडा, त्यावर बॉडी), मागची चाकं ओढणारी, 2.4 लिटर डिझेल, आणि फक्त मॅन्युअल गिअरची. इनोव्हा हायक्रॉस नावापुरती तिची बहीण. ती मोनोकॉक बांधणीची, म्हणजे सांगाडा आणि बॉडी एकच, पुढची चाकं ओढणारी. तिच्यात डिझेल नाही आणि मॅन्युअलही नाही. 'इनोव्हाच आहे ना, नवीन घेऊ' असं म्हणून हायक्रॉस बुक करणारे मी पाहिलेत. सात माणसं, टपावर सामान आणि गावाकडचा खडीचा रस्ता हे ज्यांचं दर महिन्याचं गणित आहे, त्यांनी क्रिस्टा चालवून बघितल्याशिवाय चेक लिहू नये. उलट शहरात रोज ऑफिसला जाणाऱ्याला क्रिस्टाचा क्लच आणि आकार दोन्ही जड जातील.

आता हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला बॅटरीवरच्या मोटरची जोड. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टोयोटाच्या अर्बन क्रूझर हायरायडर या एकाच एसयूव्हीत दोन वेगळी इंजिनं येतात आणि बोलताना दोन्हींना 'हायब्रिड' म्हटलं जातं. 'निओ ड्राइव्ह' म्हणजे माइल्ड हायब्रिड. त्यातली छोटी मोटर इंजिनाला थोडा हात देते आणि सिग्नलला बंद पडलेलं इंजिन चटकन सुरू करते. ती मोटर एकटीने गाडी ओढू शकत नाही. दुसरी स्ट्राँग हायब्रिड. तिच्यात 1.5 लिटर तीन सिलिंडर इंजिन आणि मोटर मिळून 116 पीएस (ताकदीचं एकक) देतात, आणि हळू वेगात गाडी निव्वळ बॅटरीवर चालते. 27.97 किमी प्रतिलिटर हा गाजलेला आकडा फक्त हिचा. सेल्समनला सरळ विचारा: "ही गाडी इंजिन बंद ठेवून चालते का?" उत्तर 'नाही' आलं तर ती माइल्ड. आणि हो, दोन्हींपैकी एकीलाही चार्जिंगची पिन लावायची नसते. हा प्रश्न अजूनही खूप जण विचारतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसरी गोष्ट डिकीची. हायरायडर स्ट्राँग हायब्रिडमध्ये बॅटरी मागे, डिकीच्या बाजूला असल्याने सामानाची जागा साध्या हायरायडरपेक्षा चांगलीच कमी होते. ब्रोशरमधल्या फोटोत ते कळत नाही. घरची सगळ्यात मोठी बॅग सोबत न्या आणि शोरूममध्येच ठेवून बघा. संकोच करू नका, गाडीचे पैसे तुम्ही देताय.

पैशांचा हिशेब बहुतेक जण ॲव्हरेजच्या प्रयोगशाळेतल्या आकड्यावर करतात. तसं करू नका. समजा दोन व्हेरिएंटमध्ये ऑन-रोड फरक अडीच लाखांचा आहे, पेट्रोल 104 रुपये, साधी गाडी शहरात लिटरमागे 14 किमी देते आणि हायब्रिड 21. म्हणजे किलोमीटरमागे साधारण 7.43 रुपये विरुद्ध 4.95, बचत अडीच रुपयांच्या आसपास. अडीच लाख वसूल व्हायला एक लाख किलोमीटर लागतील. महिन्याला 2,000 किमी फिरणाऱ्याला चार वर्षं, 1,000 फिरणाऱ्याला आठहून जास्त. तुमचे आकडे घालून हेच गणित पुन्हा मांडा. व्हेरिएंटही सारखे धरा. हायक्रॉसमध्ये हायब्रिड वरच्या व्हेरिएंटपासून सुरू होते, त्यामुळे किमतीतला सगळा फरक काही मोटर-बॅटरीचा नसतो; त्यात सीटपासून दिव्यांपर्यंत बरंच काही असतं.

रस्ताही बघा. हायब्रिड कमावते ती थांबत-थांबत चालणाऱ्या गर्दीत, कारण ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा ती परत बॅटरीत भरते. हिंजवडी किंवा ठाण्याच्या घोडबंदर रोडवर रोज अडकणाऱ्याला ती मनापासून घ्यायला सांगेन. समृद्धी महामार्गावर 120 च्या वेगाने नागपूर गाठणाऱ्याला तोच फायदा बराच कमी मिळतो. तिथे ब्रेकच फारसा लागत नाही, मग परत मिळवायचं काय?

कराचंही एक. उत्तर प्रदेशाने 2024 मध्ये स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला आणि तो मेसेज आपल्याकडच्या ग्रुपांवर फिरला. तो निर्णय त्या राज्यापुरता होता, पुण्या-मुंबईच्या पासिंगच्या रकमेत तो धरू नका. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले. चार मीटरच्या आतल्या, 1,200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना 18 टक्के लागतात, म्हणजे टोयोटाच्या ग्लॅन्झा आणि टायसर या छोट्या गाड्या स्वस्तात बसतात. रुमियन आणि हायरायडर 40 टक्क्यांत. त्याआधीचा किमतींचा तक्ता हाती लागला तर बाजूला ठेवा.

घेतल्यानंतर 'गाडी बिघडली' म्हणून वर्कशॉपला धावण्याआधी काही गोष्टी माहीत हव्यात. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की हायब्रिडचं इंजिन एकदम वर जातं आणि एकाच सुरात ओरडत राहतं. गिअर स्लिप होत नाही. तिथे नेहमीसारखे गिअरच नसतात, ग्रहचक्रासारखी दात्यांची रचना इंजिन आणि मोटरचा ताळमेळ घालते. सिग्नलला लिव्हर 'एन'मध्ये (न्यूट्रल) टाकण्याची सवय सोडा, कारण 'एन'मध्ये हायब्रिड बॅटरी चार्ज होत नाही. गाडी उभी करून उतरताना 'रेडी'चा दिवा बघा; तो पेटलेला असेल तर गाडी सुरूच आहे. आवाज नाही म्हणजे गाडी बंद, असं नाही.

घाट उतरताना हायरायडर हायब्रिडच्या लिव्हरवरचं 'बी' वापरा. लांब उतारावर बॅटरी भरली की ती आणखी ऊर्जा घेऊ शकत नाही. 'बी'मध्ये इंजिन ब्रेकिंगला मदत करतं आणि ब्रेक कमी तापतात. आंबा घाट किंवा ताम्हिणी उतरताना हे करून बघा, पायावरचा ताण कमी झालेला लगेच जाणवेल.

महिनाभर गाडी पार्किंगमध्ये उभी राहिली आणि सुरूच होईना, तर मोठ्या बॅटरीचं नाव घेऊन घाबरू नका. प्रत्येक हायब्रिडमध्ये साधी 12 व्होल्टची बॅटरीही असते आणि बहुतेकदा तीच उतरलेली असते. गावी जाण्याआधी गाडी 'रेडी'मध्ये काही वेळ चालवा. मोठ्या बॅटरीला टोयोटाची 8 वर्षं किंवा 1,60,000 किमीची वॉरंटी आहे. मात्र तिला थंड हवा घेणारी जाळी सीटजवळ असेल तर तिच्यावर चटई, पिशवी, मुलांचं दप्तर ठेवू नका. ती कुठे आहे हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत चित्रासह दिलेलं असतं.

स्पोर्टीबद्दल थोडक्यात. टोयोटाच्या जीआर यारिससारख्या खऱ्या वेगवान गाड्या भारतात मिळत नाहीत. फॉर्च्युनरच्या 'जीआर-एस'मध्ये इंजिन तेच 2.8 लिटर डिझेल होतं, बदल सस्पेन्शन आणि सजावटीत. मजा हवी, बजेट मर्यादित, तर टायसरचं 1.0 लिटर टर्बो (100 पीएस) चालवून बघा, पण त्यासाठी 1.2 लिटरवाली आणि टर्बो एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवा. टेस्ट ड्राइव्हला सेल्समन सपाट रस्त्यावरून फेरी मारून आणतो. पुण्यात असाल तर कात्रजच्या चढाचा आग्रह धरा, आणि गाडीत चार माणसं बसवा.

शेवटची चूक सगळ्यात सोपी सुधारता येते. ग्लॅन्झा-बलेनो, टायसर-फ्रॉन्क्स, रुमियन-अर्टिगा, हायरायडर-ग्रँड व्हिटारा, हायक्रॉस-इन्व्हिक्टो या टोयोटा-मारुतीच्या जोड्या आहेत. मूळ गाडी तीच असताना एकाच शोरूमची किंमत घेऊन बसू नका. दोन्हीकडे ऑन-रोड कोटेशन लेखी मागा, त्यात विमा आणि ॲक्सेसरीजची रक्कम वेगळी लिहून घ्या, डिलिव्हरीची तारीखही. मग मावशीला घेऊन दुसऱ्या शोरूममध्ये जा.